चवड्याखालचा न सापडणारा खडा

चालताना चवड्याखाली खडा टोचतो, चप्पल झटकली तर आत काहीच नसतं. जोडीला तिसऱ्या-चौथ्या बोटांत आग, मुंग्या. हा बहुतेकदा मॉर्टन न्यूरोमा: त्या बोटांच्या लांब हाडांमधली नस दाबली जाऊन जाड होते. 'गाठ' म्हटलं तरी कॅन्सरशी संबंध नाही, घाबरू नका. एक्स-रेत नस दिसत नाही. तो हाडाची चीर नाही ना, हे बघायला काढतात.

आधी बूट तपासा. आतला सोल बाहेर काढून त्यावर उभं राहा. चवडा कडेबाहेर आला तर बूट अरुंद आहे. मग मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्याला आधार द्यायला सोलवर चिकटवायची छोटी गादी. इथेच बहुतेकांचं चुकतं: दुखतं त्याच जागी चिकटवतात आणि कळ वाढते. दुखऱ्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावून सोलवर पाय दाबा. उमटलेल्या ठिपक्याच्या मागे, टाचेच्या बाजूला, साधारण 1 सेंमीवर पॅडची पुढची कड यावी. हाडं किंचित फाकतात, नस मोकळी होते.

स्टिरॉइडचं इंजेक्शन उपयोगी, पण वारंवार नको. तळव्याची चरबीची गादी झिजते. ऑपरेशनमध्ये नस काढली, तर त्या दोन बोटांमधली जागा बधिर राहते. हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं.