कोकोच्या चारशे बागा आणि एक सर्टिफिकेट: घानातला माझा अनुभव

घानाहून परत येऊन आता वर्ष होत आलं, आणि भेटेल तो विचारतो की तिकडं नक्की काय करत होतीस, चॉकलेटच्या कंपनीत होतीस का. तर चॉकलेटचा आणि माझा संबंध फार लांबचा, मी होते कोकोच्या बागांमध्ये, आणि काम होतं साधारण चारशे शेतकऱ्यांच्या एका गटाला रेनफॉरेस्ट अलायन्स या संस्थेचं शाश्वत शेतीचं सर्टिफिकेट मिळवून द्यायचं. ते मिळालं, पण पहिल्या वेळी नाही.

मी निफाडची, घरी द्राक्षबाग, राहुरीला बी.एस्सी. ॲग्री केलं आणि मग चार वर्षं नाशिकजवळ एका पॅकहाऊसमध्ये एक्स्पोर्टच्या फायली सांभाळल्या. २०१० साली लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या रेसिड्यूवरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले तेव्हा मी शाळेत होते, पण त्या वर्षी घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं ते अजून आठवतं. त्यामुळं प्लॉट रजिस्ट्रेशन, फवारणीची डायरी, ऑडिट हे सगळं मला पाठ, आणि २०२२ च्या सुरुवातीला कोको खरेदी करणाऱ्या एका कंपनीकडून बोलावणं आलं तेव्हा वाटलं पीक बदललं तरी काम तेच आहे.

जागा होती वेस्टर्न नॉर्थ प्रांतात, जुआबोसोच्या बाजूला, कुमासीहून गाडीनं अर्धा दिवस, पलीकडं आयव्हरी कोस्टची हद्द. कोकोची बाग पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बराच वेळ नुसती उभी राहिले. शेंगा फांदीच्या टोकाला नाही तर सरळ खोडातून फुटलेल्या, पिवळ्या, केशरी, खाली पाचोळ्याचा घोटाभर थर आणि वरती केळीची मोठी पानं. पण दोन-तीन आठवड्यांत नजर बसली आणि दिसायला लागलं की झाडं म्हातारी आहेत, अर्ध्या शेंगा बुरशीनं काळ्या पडल्यात, आणि हेक्टरी उतारा ४००-५०० किलोच्या आसपास. भाव दर हंगामाला सरकार ठरवतं, म्हणजे कोकोबोर्ड, १९४७ पासूनची संस्था आहे ती. ऑक्टोबर २०२२ ला पोत्याला ८०० सेडी भाव लागला, सेडी म्हणजे तिकडचं चलन. सोळा पोत्यांचा साधारण एक टन. आता दोन हेक्टरवाल्याचा हिशोब करा, चौदा पोती झाली तर वर्षाचे ११,२०० सेडी, त्यात औषधं, मजुरी, आणि जमीन ‘अबुनू’वर असेल तर निम्मा वाटा मालकाचा. त्याच डिसेंबरात तिकडची महागाई ५० टक्क्यांच्या वर होती. मी हा हिशोब भाव लागला त्याच महिन्यात वहीत केला होता आणि तरीही फायली घेऊन फिरत राहिले, कारण मला वाटायचं भाव आपल्या हातात नाही, कागद आपल्या हातात आहे.

पहिलं काम मॅपिंगचं. युरोपचा नवा जंगलतोडीचा कायदा येणार होता, २०२३ मध्ये तो पासही झाला, त्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेला कोको चालत नाही आणि प्रत्येक बागेचं लोकेशन द्यावं लागतं. आपल्याकडं सातबारा काढला, गट नंबर टाकला की झालं. तिकडं सातबाराच नाही. जमीन गावाच्या गादीची, म्हणजे प्रमुखाच्या घराण्याकडं, आणि कसणाऱ्याकडं शब्द असतो, कधी आजोबाच्या वेळचा. बांध म्हणजे मधेमधे लावलेली ड्रॅसिनाची झुडपं, ती ज्याला माहीत त्यालाच दिसतात. मग गमबूट घालायचे, हातात फोन, पुढं शेतकरी, मागं मी आणि आमचा फील्ड ऑफिसर, आणि हद्दीवरून पूर्ण फेरी मारायची, झाडी दाट असली की जीपीएस उडायचं आणि नकाशात शेजाऱ्याची बाग कापली जायची, मग परत फेरी. पावसात तर दिवसाला चार बागा झाल्या तरी खूप.

एक म्हातारे होते. तिकडंही म्हाताऱ्या मानाच्या माणसाला, गावच्या प्रमुखाला ‘नाना’च म्हणतात, मला पहिल्याच दिवशी आपलं वाटलं ते. तर नाना म्हणाले माझी बाग बारा एकर. फेरी झाली, फोनवर आकडा आला सात. मी परत एकदा फिरले, परत सात. नाना एका पडलेल्या खोडावर बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं अपमान झाला. नंतर फील्ड ऑफिसरनं सांगितलं की ते मनात हिशोब करत होते, बारा एकर धरून आयुष्यभर औषध आणलं, बारा एकर धरून जावयाला वाटा तोडून दिला, आणि दर वर्षी एकराला माल कमी येतो म्हणून स्वतःलाच दोष दिला. नकाशाचं प्रिंट मी त्यांना लॅमिनेट करून दिलं, ते त्यांनी घरात भिंतीला लावलं. आयुष्यात जमिनीचा पहिला कागद होता तो त्यांच्याकडं. खरं सांगायचं तर कंपनीच्या प्लॅनमध्ये शेतकऱ्याला नकाशा द्यायचं कुठं लिहिलेलंच नव्हतं, सगळा डेटा वर जायचा. हे मला अजून खटकतं. ज्याच्या पायानं हद्द मोजली त्याच्या हातात नकाशा नको?

काही बागा क्रोकोसुआ हिल्सच्या राखीव जंगलाला लागून होत्या, दोन-तीन आतच निघाल्या. जंगल राखीव व्हायच्या आधीपासून असलेल्या बागांना तिकडं कायद्यानं मुभा आहे, पण ते सिद्ध करायचे कागद शोधण्यात दोन महिने गेले, आणि एका कुटुंबाला शेवटी गटाबाहेर ठेवावं लागलं.

पहिलं ऑडिट २०२२ च्या डिसेंबरात झालं. गटाच्या ऑडिटमध्ये सगळ्यांकडं जात नाहीत, सभासदांच्या संख्येचं वर्गमूळ काढून तेवढी घरं बघतात, आमची चारशे म्हणजे वीसेक. ऑडिटर बाई शांत होत्या, चहा-पाणी काही घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी क्लोजिंग मीटिंगमध्ये त्यांनी अकरा फवारणी डायऱ्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. अकरा शेतकरी, एक अक्षर, एकच निळं पेन, एकाच तारखा. आमच्या खरेदी केंद्रावरच्या माणसानं बसून भरल्या होत्या. त्यातले निम्मे शेतकरी लिहू-वाचू शकत नव्हते हे मला माहीत होतं, मी डायरी वाटल्या होत्या आणि भरून आल्या म्हणून खूष झाले होते. शिवाय एका बागेत बारा-तेरा वर्षांचा मुलगा शेंगा फोडताना सापडला, हातात कोयता, आणि आमच्या फॉर्मवर त्याच घरासमोर ‘बालमजुरी नाही’. सर्टिफिकेट नाकारलं.

त्या रात्री घरी फोन केला. अण्णांना सगळं सांगितलं, डायरी, मुलगा, कंपनीचा मेल. अण्णांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “काटा कोणाचा आहे गं तिथं?” मी म्हणलं काट्याचा काय संबंध. तर म्हणाले, “माल मोजणाऱ्यावर माणसाचा भरवसा नसला तर तू विचारशील ते तो कशाला खरं सांगेल?”

काटा आमच्याच कंपनीच्या खरेदी क्लार्कचा होता. क्लार्कला पगार नाही, पोत्यामागं कमिशन, आणि भाव सरकारनं बांधलेला, म्हणजे जास्तीचं काही कमवायचं तर ते वजनातूनच निघतं. मापात पाप म्हणतो ना आपण. शेतकरी सगळे ओळखून होते पण बोलत कोणी नव्हतं, कारण शाळेच्या फीला अडलं की उचल तोच क्लार्क देतो. मी दुसऱ्या दिवशी दुकानातून सिमेंटची सीलबंद गोणी आणली, ५० किलोची, आणि खरेदीच्या वेळी सगळ्यांसमोर काट्यावर ठेवायला सांगितली. काटा ४६ वर थांबला. मागं उभ्या असलेल्या बायकांमधून एक लांब आवाज आला, हसण्याचाही नाही आणि रडण्याचाही नाही. ६४ किलोच्या पोत्यामागं पाच किलो. नानांच्या चौदा पोत्यांत एक अख्खं पोतं वर्षाला जात होतं, आणि मी त्यांना हातमोजे घालून फवारा असं शिकवत होते.

मी हे वर कळवलं. उत्तर आलं की काट्याचा विषय सस्टेनेबिलिटी टीमचा नाही. मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरला नाही. शेतकऱ्याच्या ताटातलं काढून घ्यायचं आणि त्याच्याच मुलाच्या हातातला कोयता मोजायचा, याला शाश्वत म्हणायला माझी जीभ धजत नाही. तीन महिने मागं लागले, गावप्रमुखाला मधे घेतलं, शेवटी क्लार्क बदलला, काटा बदलला, आणि २० किलोची दोन प्रमाणित वजनं मिळाली. नियम केला की खरेदीच्या दिवशी पहिलं पोतं चढायच्या आधी वजनं चढणार.

त्यानंतर लोक बोलायला लागले, एकदम नाही, हळूहळू. डायरीचं रूप बदललं, लिहायच्या ऐवजी चित्रं आणि टिकल्या, आणि फवारणी प्रत्येकानं करायच्या ऐवजी गावातल्या सहा तरुणांचा गट केला, त्यांना ट्रेनिंग, फवारणीचे सूट, मास्क, पैसे घेऊन ते सगळ्यांच्या बागा फवारायचे आणि छाटायचे, त्यामुळं नोंद एका जागी राहिली. तिकडं ‘न्नोबोआ’ म्हणून जुनी पद्धत आहे, आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या, आपली सावड अगदी, शेंगा फोडायला तीच परत चालू केली म्हणजे मुलांना शाळेतून काढायची वेळ कमी येईल. मुलांबद्दल विचारायची पद्धतही बदलली. आधी घरात शिरून ‘मुलं काम करतात का’ विचारायचो, कोण हो म्हणेल. आता गावातलीच एक बाई विचारायची की गेल्या आठवड्यात कोण किती दिवस शाळेत गेलं, नसेल गेलं तर काय अडलं. अडलेलं असायचं ते साधंच, चपला नाहीत, आई बाळंतीण आहे, शाळा पाच किलोमीटर आणि वाटेत ओढा भरलेला. एका पाहणीत २०१८-१९ च्या हंगामात घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून साडेपंधरा लाखांच्या वर मुलं कोकोच्या कामात आढळली होती, तो आकडा वाचून मी आले होते, पण आकड्यामागं ओढा असतो हे तिथंच कळलं.

बायकांचे बचत गट मला सगळ्यात जवळचे. लोखंडी पेटी, तिला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन घरांत, आठवड्याला बैठक, पासबुकात शिक्का. खरेदीचं कार्ड नवऱ्याच्या नावावर असतं, पण शेंगा फोडून गर केळीच्या पानाखाली सहा दिवस आंबवणं, मधे दोनदा उलटणं, मग बांबूच्या तट्ट्यावर वाळवताना चपटे, चिकटलेले दाणे निवडणं, यातलं निम्म्याहून जास्त बायकांचं. त्या आंबण्याचा वास, आंबट-गोड, ताडीसारखा, अंगातल्या कपड्यांना महिनोन्‌महिने राहतो. गटातून उचल मिळायला लागली तशी क्लार्ककडची उचल कमी झाली, आणि तिथं खरा फरक पडला.

झाडांचं प्रकरणही सांगायला हवं. सर्टिफिकेटला बागेत सावलीची मोठी झाडं लागतात. पण आपोआप उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडावर तिकडं मालकी सरकारची, ठेकेदार येऊन तोडू शकतो, आणि पडताना ते झाड खालचा कोको मोडतं. म्हणून लोक रोप दिसलं की उपटायचे, आणि आमची माणसं त्यांना पर्यावरण समजावत बसायची! लावलेलं झाड लावणाऱ्याचं असतं, पण लावल्याची नोंद लागते. मग ओफ्राम, एमिरेची रोपं वाटतानाच वन खात्याचे नोंदणीचे फॉर्म भरायला घेतले. सगळे काही पूर्ण झाले नाहीत.

२०२३ च्या नोव्हेंबरात दुसरं ऑडिट, पास झालो. रेनफॉरेस्ट अलायन्सच्या नियमानं टनाला किमान ७० डॉलर शेतकऱ्याला जादा रोख, म्हणजे पोत्याला साडेचार डॉलरही नाहीत. ते आम्ही नावं वाचून झाडाखाली सगळ्यांसमोर वाटले. पण दीड वर्षाच्या मेहनतीला पोत्यामागं एवढे, हे मोठ्यानं बोललंच पाहिजे. त्यापेक्षा भाव वाढला त्यानं जास्त फरक पडला, सप्टेंबर २०२३ ला १,३०८ सेडी, एप्रिल २०२४ ला २,०७०, सप्टेंबरात ३,०००. आणि तेव्हाही जगात दर टनाला १२,००० डॉलरच्या वर चढत असताना घानाचा बराच माल आधीच्या स्वस्त सौद्यांत बांधलेला होता. शिवाय बागांत स्वोलन शूट, व्हायरस आहे, औषध नाही, झाड तोडायचंच, आपल्याकडं तेल्यामुळं डाळिंबाच्या बागा काढल्या तसं. नवीन झाडाला फळ यायला तीन-चार वर्षं, तोवर केळी आणि कसावा, आणि त्याच वेळी ‘गलामसे’वाले, म्हणजे चोरून सोनं काढणारे, रोख पैसे घेऊन दारात उभे. आमच्या गटातल्या चौघांनी जमीन दिली. मी त्यांना नावं ठेवू शकले नाही.

निघायच्या आधी मी ती दोन वजनं कंपनीच्या गोडाऊनला परत करायच्या ऐवजी रीतसर सही घेऊन बायकांच्या गटाकडं दिली. मागच्या महिन्यात फील्ड ऑफिसरचा व्हॉट्सॲप आला. नवीन हंगाम, परत नवीन क्लार्क आलाय, आणि फोटोत काट्यावर दोन वजनं, शेजारी नाना, आणि मागं पोती अजून जमिनीवरच.