५०२१, टायरमन: टॉमी फ्लॅनगनच्या डेट्रॉइटमध्ये

टायरमन अव्हेन्यूवर सकाळी जवळजवळ कोणी नव्हतं. निळ्या दर्शनी भागाची ती लहानशी इमारत दिसली तशी मी आधी तिचा नंबर आठवला. ५०२१. कित्येक वर्षं हा आकडा मला एका रचनेचं नाव म्हणून माहीत होता. ट्रम्पेटवादक थॅड जोन्सने या पत्त्यावरूनच आपल्या रचनेला नाव दिलं, आणि जॅझ पियानिस्ट टॉमी फ्लॅनगनने डेट्रॉइट सोडल्यावर चौतीस वर्षांनी, १९९० साली, 'बियॉन्ड द ब्लू बर्ड' या अल्बमसाठी ती वाजवली. डेट्रॉइटला जायचं ठरलं तेव्हा वहीत पहिली नोंद याच दाराची केली होती.

ब्लू बर्ड इन हा जॅझ क्लब. १९५३-५४ च्या सुमारास इथल्या हाउस बँडमध्ये, म्हणजे कायम इथे वाजवणाऱ्या चमूत, थॅड जोन्स, त्याचा धाकटा भाऊ एल्विन ड्रम्सवर, सॅक्सोफोनवर बिली मिचेल आणि पियानोवर फ्लॅनगन. त्याच काळात काही महिने डेट्रॉइटमध्ये राहिलेला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसही इथे वाजवून गेला. आता ही वास्तू डेट्रॉइट साउंड कन्झर्व्हन्सी या संस्थेकडे आहे. जुना स्टेजही त्यांनीच वाचवला. मी रस्ता ओलांडला, समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि हेडफोन लावून ती रचना ऐकली. पत्त्यासमोर उभं राहून पत्त्याचीच धून ऐकताना उगाच भरून आलं.

फ्लॅनगनचा जन्म १९३० चा, याच शहरातला. आधी क्लॅरिनेट, मग पियानो. १९५६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, आणि पुढचे काही महिने पाहिले तर थक्क व्हायला होतं. १६ मार्चला, म्हणजे त्याच्या सव्विसाव्या वाढदिवशी, तो माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला बसला होता. २२ जूनला सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम, एकाच दिवसात पूर्ण. बासवर डग वॉटकिन्स, तोही डेट्रॉइटचाच. ही दोन्ही रेकॉर्डिंग्ज न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये, रूडी व्हॅन गेल्डर या इंजिनिअरच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात झाली. मला हे फार आवडतं. जॅझमधली इतकी मोठी कामं कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत झाली!

सेशन पियानिस्टचं काम बाहेरून सोपं वाटतं. बोलावलं की यायचं, समोर ठेवलेला कागद वाचायचा, दोन-तीन टेक, आणि निघायचं. कव्हरवर नाव दुसऱ्याचं. पण मराठीत आपल्याकडे यासाठी 'साथ' हा नेमका शब्द आहे, आणि साथ करणाऱ्याला काय काय सांभाळावं लागतं हे आपल्याला सांगावं लागत नाही. फ्लॅनगनचा डावा हात ऐका. सॅक्सोफोनवाल्याने श्वास घेतला की तिथे दोन स्वर, तेही हलके. वाक्य लांबलं तर हा गप्प.

आणि तरीही त्याच्या नावावर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती जिथे तो अडखळला त्या सोलोची, म्हणजे एकल वादनाची. मे १९५९, न्यूयॉर्क, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स' ही रचना. सोळा मात्रांचं नव्हे, सोळा बारचं आवर्तन (एक बार म्हणजे चार मात्रा), त्यात सव्वीस कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगुच्छ, तीन वेगवेगळ्या स्वरकेंद्रांमधून, जणू षड्जच बदलत, भिरभिरत जाणारे, आणि लय अशी की जागेवर उभं राहून टाळी धरणंही कठीण. कोल्ट्रेन ही चाल कित्येक महिने घोटत होता. आधी सीडर वॉल्टन या पियानिस्टबरोबर ती करूनही पाहिली होती. फ्लॅनगनला तेवढी मुभा नव्हती. कोल्ट्रेनचा सोलो संपतो, पियानो एकेक स्वर पेरत सुरू होतो, मध्ये फटी पडू लागतात, आणि मग तो सुट्या स्वरांची वाट सोडून नुसते कॉर्ड वाजवत आवर्तन पार करतो. याला लोक नापास झाल्याचा पुरावा मानतात. मला हे अजिबात पटत नाही. उधळलेल्या घोड्यावर बसलेला माणूस लगाम सोडत नाही, पडत नाही, ठेका चुकवत नाही, याला मी साथ म्हणते. १९८२ साली त्याने कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ 'जायंट स्टेप्स' नावाचाच अख्खा अल्बम केला, बासवर जॉर्ज म्राझ, ड्रम्सवर अल फॉस्टर. दोन्ही लागोपाठ ऐका. तीच चाल त्याने तेवीस वर्षं मनात ठेवली होती, हे कळतं.

मधली बरीच वर्षं गेली गायिका एला फिट्झजेराल्डच्या साथीला: १९६३ ते ६५, आणि पुन्हा १९६८ ते ७८. त्यानंतर मात्र तो आपल्या त्रिकुटाचा मालक झाला.

दुपारी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या घरात गेले. तिथल्या स्टुडिओत अर्ल व्हॅन डाइकसारखे जॅझचेच पियानिस्ट पॉप गाण्यांमागे वाजवत आणि रात्री क्लबात आपलं जॅझ वाजवत. त्यांची नावं रेकॉर्डवर यायला १९७१ उजाडावं लागलं.

रात्री लिव्हर्नॉइस अव्हेन्यूवरचा बेकर्स कीबोर्ड लाउंज हा क्लब. १९३४ पासून इथे जॅझ वाजतं. बारचा काउंटर वळणदार, त्यावर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या. पियानोच्या वर तिरका आरसा आहे, त्यामुळे कोपऱ्यातल्या खुर्चीवरूनही वादकाचे हात दिसतात. सॅक्सोफोनचा सोलो चालू होता आणि मी सगळा वेळ आरशाकडेच पाहत होते. पियानोवाल्या बाईंचा डावा हात पट्ट्यांपासून बोटभर वर थांबलेला. चार बार गेले, सहा गेले. सॅक्सोफोनवाल्याने श्वास घेतला, आणि हात खाली आला.