बंपरच्या आत

पुण्यात कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी नऊला कामाला लागलो. काकूंची छोटी गाडी गेटच्या खांबाला घासली होती आणि पुढचा बंपर डाव्या कोपऱ्यात चिरला होता. नवं कव्हर मी रंगवूनच आणलं होतं. दीड-दोन तासांचं काम. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची मुलगी तीच गाडी घेऊन साताऱ्याला निघणार होती.

बॅटरीची निगेटिव्ह सोडवली, बोनेटखालच्या क्लिपा काढल्या, मडगार्डच्या आतले स्क्रू, खालचे 10 नंबरच्या गोटी-पान्याचे बोल्ट. मग चाकापाशी कोपरा धरून बाजूला ओढायचा, टक टक करत लॉक सुटतात. सरळ पुढे ओढला की ब्रॅकेटचे कान तुटलेच म्हणून समजा. फॉग लॅम्पचे कपलर सोडवले आणि कव्हर हातात आलं.

आत फोम नव्हताच. कव्हरमागचा लोखंडी बीम उजवीकडे बोल्टवर होता. डावीकडे बोल्टच्या भोकांतून बांधकामावरची बाइंडिंगची तार ओवून पिळली होती. बोटभर पीळ, गंजून तांबूस झालेला. म्हणजे एक पावसाळा तरी गाडी अशीच फिरली होती.

काकूंना खाली बोलावलं. म्हटलं, "काकू, बाहेरून दिसतो तो नुसता प्लास्टिकचा मुखवटा. हळू ठोकर लागली तर फोम दबतो, जोरात लागली तर हा बीम मार घेतो आणि दोन्ही बाजूंनी चेसिसला देतो. हा तारेवर आहे. मागे लगेच रेडिएटर."

त्या काही बोलल्या नाहीत. वर जाऊन फाईल घेऊन आल्या. वर्षापूर्वी अपघातानंतर एका गॅरेजने दिलेलं बिल. त्यात बीम, फोम, फिटिंग, सगळ्याचे पैसे लावलेले. मला घाम फुटला. इतकी वर्षं या धंद्यात आहे. कुणी कळकट रंग मारला तर वाईट वाटतं, पण हे पाहून हात थरथरले. याच गाडीत मागच्या सीटवर त्यांचा नातू बसतो.

"आज नुसतं कव्हर लावून मी जाणार नाही," म्हटलं. त्या म्हणाल्या, "दादा, जे लागेल ते आणा."

नाना पेठेत दोन दुकानं फिरून तिसऱ्यात बीम मिळाला, फोमही तिथेच. येईपर्यंत दोन वाजले. चेसिसची टोकं टेप लावून मापली, सरळ होती, एवढंच नशीब. चारही बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. मुलगी टॉर्च धरून शेजारी बसली होती, प्रत्येक बोल्टला "हा घट्ट झाला का?" विचारत. कव्हर बसवलं, बोनेट आणि हेडलॅम्पची फट दोन्हीकडे सारखी आली, दिवे लावून पाहिले.

तारेचा तुकडा मी कचऱ्यात टाकायला उचलला. काकूंनी तो मागून घेतला, पिशवीत घातला आणि त्या जुन्या बिलाला टाचणीने लावून ठेवला.