मनगटाचा एक्स-रे बाजूनेही काढा

आज ओपीडीत परळीकडचा एक तरुण आला. सोयाबीनच्या ट्रॉलीवरून हातावर पडलेला. आधी एके ठिकाणी समोरून एकच एक्स-रे काढून 'मुरगळलंय' म्हणून क्रेप बँडेज बांधून दिलेलं. मनगट टम्म सुजलेलं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर. म्हणजे मनगटातून या बोटांकडे जाणारी मीडियन नर्व्ह (नस) दाबली गेलेली.

लगेच बाजूने एक्स-रे घेतला. रेडियस (कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याकडचं हाड), ल्युनेट आणि कॅपिटेट (मनगटातली दोन छोटी हाडं) एका रेषेत दिसायला हवीत. इथे ल्युनेट कलंडलेल्या कपासारखं तळहाताकडे झुकलेलं आणि स्कॅफॉइड हे मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड मधोमध मोडलेलं. १९९३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अशा १६६ रुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याचं निदान सुरुवातीला हुकलं होतं. फार वाईट वाटतं, कारण बाजूचा एक्स-रे आपल्याकडे तालुक्यालाही निघतो.

भूल देऊन, हात ताणून हाड जागेवर बसवलं. संध्याकाळी बोटांना जरा स्पर्श कळायला लागला, फार बरं वाटलं. पण एवढ्यावर भागत नाही. उद्या ऑपरेशन: स्कॅफॉइडला स्क्रू, हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे फाटलेले लिगामेंट शिवायचे, वर हाडं जागेवर धरायला तारा.

वडिलांनी विचारलं, "सायेब, रब्बीला हात चालंल का?" यंदा नाही, असं स्पष्टच सांगितलं.