भंगारात गेलेल्या ठशांच्या मागावर: फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर

ट्रेंटनला गाडी बदलून फिलाडेल्फियाच्या जेफरसन स्टेशनला उतरलो आणि थेट सातव्या रस्त्याकडे निघालो. अमेरिकेची पहिली टांकसाळ 1792 मध्ये इथे उभी राहिली. आज तिथे एक अवाढव्य सरकारी इमारत आहे, जुनं काहीच उरलेलं नाही. तरीही मला ती जागा पाहायचीच होती. 1804 च्या सेंटच्या ज्या रिस्ट्राइकनं, म्हणजे जुन्या ठशांवरून नंतर पुन्हा पाडलेल्या नाण्यानं, मला वेड लावलंय, त्याचे ठसे (नाणी पाडायचे धातूचे साचे) इथेच वापरात होते आणि नंतर भंगारात गेले.

तळहातात भरणारा तांब्याचा मोठा सेंट 1857 मध्ये बंद झाला आणि लोक जुने सेंट वर्षावार जमवू लागले. 1804 चा मात्र मिळता मिळेना. मग 1860 च्या सुमारास टांकसाळीबाहेर कुणीतरी 1803 चा गंजका ठसा काढला, 3 चा 4 केला, मागच्या बाजूला 1820 चा ठसा लावला आणि नाणी पाडली. या दोन ठशांची टांकसाळीत कधी गाठच पडली नव्हती! 1811 च्या अर्ध्या सेंटचीही अशीच कथा आहे. तिच्याशी जोसेफ मिकली या इथल्याच पियानो बनवणाऱ्या संग्राहकाचं नाव जोडलं जातं. त्या रिस्ट्राइकची जेमतेम डझनभर नाणी माहीत आहेत.

तिथून चालत पाचव्या रस्त्यावर आलो. आजची टांकसाळ इथेच आहे आणि समोरच्या दफनभूमीत बेंजामिन फ्रँकलिन. त्यांच्या कबरीवर लोक सेंट टाकतात. 1787 च्या ‘फ्युजिओ’ या सुरुवातीच्या अमेरिकन सेंटवरचं सूर्यघड्याळ आणि तेरा कड्यांची साखळी त्यांच्याच कल्पनेतून आली असं मानतात. त्याचे ‘न्यू हेवन रिस्ट्राइक’ प्रसिद्ध आहेत, पण ते नव्यानं कोरलेल्या ठशांवरून पाडलेले. माझ्या मते त्यांना रिस्ट्राइक म्हणूच नये.

बाल्टिमोरच्या नाणेप्रदर्शनात अखेर 1804 चा रिस्ट्राइक हातात आला. टेबलामागच्या आजोबांनी भिंग पुढे केलं आणि म्हणाले, “दिव्याखाली जरा तिरका धरा.” धरला, आणि तपकिरी पृष्ठभागावर बारीक बारीक पुरळ दिसलं. गंजानं ठशाला खड्डे पडले की नाण्यावर त्यांचे उंचवटे उठतात. नाणंच गंजलं असतं तर खड्डे खाली गेले असते. हा फरक डोळ्यांत बसला की आयुष्यभर उपयोगी पडतो. दुसरी खूण मागच्या बाजूला. अस्सल 1804 मध्ये सालातलं शून्य बरोबर मागच्या ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ या अक्षरांतल्या ‘ऑफ’च्या ओच्या (O) रेषेत येतं. इथे ते जुळत नाही.

काही जुने संग्राहक असल्या नाण्यांना हातही लावत नाहीत. मला ते पटत नाही. फसवून विकलं तर तो गुन्हाच, पण रिस्ट्राइक म्हणून उघडपणे विकलेलं नाणं हा नाणी जमवण्याच्या छंदाचाच इतिहास आहे.

आपल्याकडच्या संग्राहकांना हे परकं वाटू नये. त्या काळात अमेरिकन सेंटसाठी तांब्याच्या कोऱ्या चकत्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराकडून यायच्या. त्याच बोल्टनच्या सोहो टांकसाळीनं 1791 मध्ये मुंबई इलाख्यासाठी तराजूचं चित्र असलेले पैसे पाडले. ती टांकसाळ 1850 मध्ये मोडीत निघाल्यावर लंडनच्या टेलर नावाच्या ठसेकारानं तिचे ठसे विकत घेतले आणि त्यांतल्या कित्येकांवरून पुन्हा नाणी पाडली.

सेंट घेतला. आजोबांनी दोन सूचना दिल्या: कडेनं धरा आणि कधीही घासूनपुसून चकचकीत करू नका, उंटाच्या केसांचा मऊ ब्रश पुरे. पुढच्या प्रदर्शनात 1823 चा रिस्ट्राइक शोधणार आहे. त्याच्या पुढच्या बाजूचा ठसा नाणी पाडता पाडता तडकत गेला होता. बिनतड्याचा नमुना दुर्मीळ आहे, आणि मला तोच हवाय.