गेरच्या दिवशी उलटीची गोळी

रंगपंचमीला इंदूरमध्ये औषधाचं दुकान चालवायचं म्हणजे अर्ध्या शटरआडून चालवायचं. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरच्या तोफांनी रंग चौथ्या मजल्यापर्यंत उडतो, आणि आमच्या रामबागेतून तिकडे जाणारे रस्ते दुपारपर्यंत अडलेले असतात. गिऱ्हाईक म्हणजे डोळ्यांत गुलाल गेलेली पोरं, नाहीतर भांग चढलेल्यांचे मित्र. मागच्या गल्लीतल्या काकूंचा नातू डोक्यापासून पायापर्यंत हिरवा होऊन आला, तेव्हा तोही त्यातलाच वाटला.

"ताई, उलटीची गोळी आणि ओआरएस द्या. आजीला रात्रीपासून चालू आहे."

गोळी काढता काढता एक गोष्ट खटकली. काकूंना जुना संधिवात, रुमेटॉइड. त्यांची औषधं मला पाठ आहेत: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम आणि रोज सकाळी नाश्त्यानंतर व्हायसोलोन, म्हणजे प्रेडनिसोलोन. या वेळी मुलगा येऊन बाकी सगळं घेऊन गेला होता. व्हायसोलोन मात्र "घरी पडलीय" म्हणून नको म्हणाला होता. काकूंच्या घरी ती गोळी कधी उरत नाही.

"आजी ती सकाळची छोटी गोळी घेते ना रे?"

"ती बंद केली पप्पांनी. लग्नात सगळे म्हणाले, तोंड सुजलंय. स्टेरॉइड आहे ना ती?"

शटर ओढलं, बीपीचं मशीन पिशवीत टाकलं आणि त्याच्याबरोबर निघाले.

काकू पलंगावर निपचित. जीभ कोरडी, हात गार. "उठवतच नाही गं, घर फिरतंय सगळं," एवढंच बोलल्या. वरचं बीपी नव्वदच्याही खाली. मुलगा म्हणाला, काल बाहेरचं खाणं झालं, पोट बिघडलंय. उशाशी औषधांचा डबा होता. व्हायसोलोनच्या स्ट्रिपमधल्या दोन जागा फुटलेल्या, बाकीच्या गोळ्या जशाच्या तशा, आणि वरच्या फॉइलवर धूळ.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. शरीराचं रोजचं कॉर्टिसोल, म्हणजे घरचंच स्टेरॉइड, त्याच बनवतात, साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून महिनोन्‌महिने गोळी मिळत राहिली की त्या काम सोडून देतात, आणि पुन्हा कामाला लागायला त्यांना आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम गोळी बंद, त्यात जुलाब-उलट्या किंवा ताप आला, की बीपी आणि सोडियम कोसळतं, साखरही उतरू शकते. वरून दिसायला मात्र अपचनच. उलटीची गोळी देऊन पाठवलं असतं तरी कुणी मला बोल लावला नसता.

त्यांच्या डॉक्टरांचा फोन सुदैवाने लागला. "घरी काही करत बसू नका, ॲडमिट करा, आणि गोळी बंद केल्याचं दारातच सांगा," म्हणाले. बिलाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहून मुलाच्या हातात दिलं: 'प्रेडनिसोलोन रोज 10 मिलिग्रॅम, चार वर्षांपासून. अचानक बंद.' बाकी फाइल नंतर, आधी हा कागद दाखवा, असं बजावलं. रिक्षावाला रंगात न्हालेला, पण भला माणूस, उलट्या बाजूच्या गल्लीबोळांतून घेऊन गेला. तिथे हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच, 100 मिलिग्रॅम शिरेतून दिलं, सलाइन लावलं. सोडियम कमी निघालंच. रात्री मुलाचा फोन आला, आई चहा मागतेय.

मुलाचा मला राग आला नाही. तो जे म्हणत होता त्यातलं काहीच खोटं नव्हतं. चेहरा गोल झालाय, कातडी कागदासारखी, जरा धक्का लागला की काळंनिळं. साखर याच गोळीने चढली, मोतीबिंदूही लवकर आला. पण 1948 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन, याच जातीचं स्टेरॉइड, दिलं, आणि ती आठवड्याभरात चालायला लागली. त्या कामाला 1950 चं नोबेल मिळालं. दुष्परिणामही लगोलग दिसायला लागले होते. तेव्हापासून हे औषध असंच आहे, दोन्ही बाजूंनी खरं.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. व्हायसोलोन म्हटलं की दचकणारी माणसं सांधेदुखीसाठी कुणा अनोळखी माणसाकडून बिननावाची पुडी आणतात. तिसऱ्या दिवशी गुडघे मोकळे होतात, दोन-तीन महिन्यांत गाल भरतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलंय. ती पुडी एके दिवशी मिळेनाशी झाली की मग काय होतं, ते काकूंच्या पलंगावर मी पाहिलंच होतं. फरक इतकाच, की पुडी खाणाऱ्याच्या घरी कुणाला विचारायचं, काय बंद केलंत म्हणून?

काकू आता डोस उतरवताहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ताप आला, दात काढायचा असला, तर आधी फोन करून डोस विचारायचा, असं त्यांच्या फाइलवर लाल पेनाने लिहिलंय. मुलगा दर महिन्याला स्वतः येतो आणि सगळं मोजून घेतो. काकूंची तक्रार वेगळीच आहे. "अडीचची गोळी किती बारीक करतात गं, बोटांत धरवत नाही. दुसऱ्या कंपनीची जरा मोठी मिळेल का बघ."