टीबी परत आला वाटलं, निघाली बुरशी

टीबीचा ६ महिन्यांचा कोर्स पूर्ण करून मी सुटलो असं समजत होतो. दोनेक वर्षांनी परत खोकला, वजन उतरायला लागलं, आणि एका सकाळी बेसिनमध्ये थुंकलो तर लाल. चमचाभर असेल, पण पाय लटपटले. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला न बघितला आणि टीबीच्या गोळ्या परत चालू, थुंकी तपासायला पाठवलीच नाही (याचा राग अजून आहे). दोन महिने खाल्ल्या, फरक शून्य. घरात मी स्वतःलाच वाळीत टाकलेलं, कप वेगळा, खोली वेगळी, पोरीला जवळ घ्यायचं नाही.

मग छातीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. थुंकीची जीनएक्सपर्ट (टीबीचे जंतू शोधणारी टेस्ट) केली, निगेटिव्ह. मग सीटी. स्क्रीनवर दाखवलं, जुन्या टीबीने फुप्फुसात वरच्या बाजूला पाडलेली पोकळी, त्यात एक गोळा आणि गोळ्याच्या वर चंद्रकोरीसारखी काळी फट, म्हणजे हवा. मला पालथं झोपवून परत फोटो घेतले तर गोळा घरंगळून दुसऱ्या बाजूला! गाठ असती तर अशी हलली नसती, मॅडम म्हणाल्या. रक्ताची ॲस्परजिलस आयजीजी टेस्ट (ॲस्परजिलस नावाच्या बुरशीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं बघणारी) पण चांगलीच पॉझिटिव्ह आली, मग गोळा बुरशीचाच यात शंकाच उरली नाही.

माझा पहिला प्रश्न, पोरीला होईल का? तर नाही, ही बुरशी माणसाकडून माणसाला जात नाही. तिचे बीजाणू २-३ मायक्रॉनचे, माती, कुजका पाला, ओल्या भिंती, कुठूनही हवेत उडतात, सगळेच रोज श्वासातून घेतात आणि धडधाकट फुप्फुस ते साफ करून टाकतं, माझ्यात रिकामी खोली मिळाली म्हणून मुक्काम ठोकला. त्या रात्री दोन महिन्यांनी पोरगी माझ्याजवळ झोपली, लाथा मारत.

औषध बुरशीवरचं, इट्राकोनाझोल, २०० एमजी दिवसातून दोनदा, कमीत कमी ६ महिने. पण आधी टीबीची रिफॅम्पिसिन बंद, ती याला रक्तात टिकूच देत नाही, म्हणजे त्या फुकटच्या गोळ्यांनी इथेही आडकाठी घातलीच. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, ॲसिडिटीची गोळी बंद, कारण कॅप्सूलला विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं, आणि रक्तातली पातळी मधूनमधून तपासायची.

आता चौथा महिना. रक्त थांबलंय, वजन ३ किलो वाढलंय, गोळा मात्र आहे तिथेच. ऑपरेशन करून काढतात, पण माझा दम तेवढा पुरणार नाही म्हणून सध्या नको म्हणाल्या. ६ महिने झाले की परत सीटी.